सवण्यावरची जाळी

घरात काय येऊ नये, याची काळजी करत मी चाळीस वर्षं पोट भरलं. परंड्यात माझं पत्र्याच्या कामाचं दुकान होतं. बादल्या, चाळण्या, धान्याच्या पेट्या हे सगळं व्हायचंच, पण माझं नाव झालं ते उंदीर, घुशी, मुंगूस, उदमांजर आणि माकडं यांना घराबाहेर ठेवण्यात. तोंडावर लोक मला मिस्त्री म्हणत आणि पाठीमागे ‘माकडांचा व्याही’. मला दोन्ही ऐकू यायचं.

हे काम बाहेरून फार सोपं दिसतं. भोक दिसलं की त्यावर पत्रा ठोकायचा, झालं. माझे उस्ताद रहीमचाचा निजामाच्या अमदानीपासून हा धंदा करत होते. कुणी असं बोललं की ते हातोडी खाली ठेवून त्याच्याकडं नुसते बघत राहायचे. मला ते म्हणायचे, “पैले जनावर समझ, फिर पत्रा काट.” उंदराला दात आहेत, घुशीला पंजे आहेत आणि माकडाला तुमच्यामाझ्यासारखे हात आहेत. उंदराला अडवायचं तर पत्रा जाड हवा. घुशीला अडवायचं तर पत्रा जमिनीत हातभर गाडून त्याचं खालचं टोक बाहेरच्या बाजूला वळवावं लागतं. ती खणत खणत येते, पत्र्याला नाक लावते आणि आणखी खाली खणते. मागं सरकून खणावं, हे तिला सुचत नाही. माकडाला मात्र सगळं सुचतं. एका कोपऱ्यातला खिळा ढिला आहे हे घरमालकाला वर्षभर कळत नाही, माकडाला पहिल्या दिवशी कळतं.

पत्र्याच्याही जाती आहेत. रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून ठोकला तर दिसायला चकचकीत, पण हातानं वाकतो. काळा पत्रा दणकट, पण पाणी लागलं की गंजतो. जस्त दिलेला पत्रा टिकतो, मात्र जिथं कापाल तिथं त्याची कड उघडी पडते आणि गंज तिथूनच आत शिरतो. म्हणून कड दुमडायची, नाहीतर तिच्यावर कथील ओढायचं. पितळ आणि तांबं सगळ्यांत टिकाऊ. जनावरं त्याच्या वाटेला जात नाहीत, माणसं जातात. तुळजापुरात एका पुजाऱ्यानं पाकोळ्या अडवायला हौसेनं पितळी जाळी बसवून घेतली होती. ती पाकोळ्यांनी पाहिली असेल नसेल, चोरांनी मात्र आठवड्यात पाहिली.

आणि एक गोष्ट मी जन्मभर लोकांना समजावत आलो, पण हात टेकले. पत्र्याचा नंबर वाढला की पत्रा पातळ होतो. बावीस नंबर जाड, अठ्ठावीस पातळ. आमच्या बाजारातला एक आडत्या माझ्याशी यावरून भांडला. म्हणाला, “मिस्त्री, आमाला काय येडं समजता व्हय? अठ्ठाविसाचा काढा. बाविसाचा हलका माल गिऱ्हाईकाला दावा.” मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा अठ्ठावीसचा बांधून दिला. चार महिन्यांनी तोच पत्रा डोळ्यापुढं धरून तो दुकानात आला. मधोमध उंदरानं पाडलेलं भोक, आणि भोकातून त्याचा एक डोळा. “दिसताय बरं का मिस्त्री तुमी!” म्हणाला. माणूस मोठ्या मनाचा. पुढं त्याच्या सगळ्या गोदामाचं काम मीच केलं.

अशा गमती पुष्कळ सांगता येतील आणि त्या सगळ्यांत मीच शहाणा ठरेन, कारण सांगणारा मी. पण ज्या कामाची मला अजून लाज वाटते, ते सांगितल्याशिवाय हे लिहिणं प्रामाणिक होणार नाही. ते काम सोनारीचं.

निजाम जाऊन आठ-नऊ वर्षं झाली होती आणि आमचा जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता. गावोगावी मराठी शाळा निघत होत्या. सोनारीला मुलींचा वर्ग सुरू झाला आणि त्यावर एक बाई आल्या. सुमतीबाई. वय फार तर तेवीस-चोवीस. नवरा भूमला कचेरीत कारकून, त्यामुळं इथं त्या, त्यांची आई आणि तान्ही मुलगी एवढंच बिऱ्हाड. गावातल्या पोरी शाळेत येत होत्या त्या केवळ बाई आहेत म्हणून. मास्तरांच्या वर्गात पोरी धाडायला आया तयार नव्हत्या. याआधी एक बाई येऊन तीन महिन्यांत निघून गेल्या होत्या. कारण एकच, माकडं.

सोनारीत काळभैरवनाथाचं देऊळ आहे आणि देवळाभोवती माकडांचे कळप. गाव त्यांना नाथाची माकडं म्हणतं. त्यांच्यावर कुणी दगड उचलत नाही. माकडानं भाकरी पळवली तर बायका ‘नाथानं नेली’ म्हणून दुसरी थापायला घेतात. गावात जन्मलेल्या माणसाला याची सवय असते. बाहेरून आलेल्या, एकटीनं घर चालवणाऱ्या बाईला कशी असणार? आधीच्या बाईंचं लुगडं माकडांनी फाडलं, हजेरीचं पुस्तक माळवदावर नेऊन पानपान केलं. पाटील स्वतः माझ्या दुकानात आले आणि म्हणाले, “मिस्त्री, ही बी बाई गेली तर तिसरी येनार न्हाय. पोरींचा वर्ग मोडला म्हनून समजा. कायबी करा, पन नाथाच्या जनावराला इजा व्हता कामा नये.”

बाईंना मिळालेलं घर माळवदाचं होतं. आमच्याकडची जुनी घरं अशीच, म्हणजे लाकडी तुळयांवर फळ्या आणि त्यावर हात-दीड हात मातीचा थर. ही माती साध्या शेतातली नसते. गावाजवळच्या जुन्या पांढरीची, म्हणजे ओसाड पडलेल्या गावठाणाची, पांढरट माती आणून चोपतात, कारण तिच्यातून पाणी झिरपत नाही. भिंतींना खिडक्या नाहीत. उजेडासाठी छताच्या मधोमध एक चौकोनी भोक ठेवतात, त्याला सवणं म्हणतात. उजेड त्यातून, वारा त्यातून आणि माकडंही त्यातून. पत्रा ठोकून ते बंद केलं तर भर दुपारी घरात दिवा लावावा लागेल. म्हणजे तिथं जाळीच हवी.

मी जाळी केली. जाड तारेची, लोखंडी पट्टीच्या चौकटीत ओवलेली. चौकट सवण्याच्या तोंडात बसेल एवढीच, तिला बाहेर वळवलेले चार पाय ठेवले, ते माळवदाच्या मातीत हातभर खोल दाबले, वरून ओली माती घालून धुमसानं चोपून घट्ट केले. दोन्ही हातांनी ओढून पाहिलं, जाळी तसूभर हलली नाही. खाली बाई मान वर करून बघत होत्या. त्यांनी विचारलं, “टिकेल ना हो मिस्त्री?” मी म्हटलं, “बाई, तुमच्या मुलीचं लग्न होईपर्यंत बघायला नको.” त्या हसल्या, आणि त्याच दिवशी त्यांनी मुलीची झोळी सवण्याखाली बांधली. घरातली उजेडाची, वाऱ्याची जागा तीच होती.

मधे एक पावसाळा गेला. दसरा झाल्यावर सोनारीचा एक जण बाजाराला आला, त्याच्याकडून कळलं, की बाई गाव सोडून चालल्या. माकड जाळी फोडून आत उतरलं आणि पोरीला ओरबाडलं. गावात बोललं जातंय, की नाथाची वाट लोखंडानं अडवली म्हणून नाथ कोपला.

मी हातातलं काम टाकलं आणि सायकल काढली.

घराशी पोचलो तेव्हा सवण्यावर एक फाटकं घोंगडं टाकून दगड ठेवले होते आणि आत अंधार होता. बाईंच्या आई पोरीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पोरीच्या कपाळावर, उजव्या भुवईच्या वर, बोटभर लांब जखम होती. खपली धरली होती. पोर माझ्याकडं बघून हसली, आणि मला कुठं बघावं कळेना.

मी म्हटलं, “बाई, माकडानं एवढी तारेची जाळी फोडली तरी कशी?”

बाई दारापाशी गेल्या, बाहेर कुणी नाही हे पाहिलं, आणि हळू आवाजात म्हणाल्या, “माकडानं नाही हो फोडली. ते नुसतं येऊन बसलं. त्याच्यासकट जाळी खाली आली. ते बिचारं घाबरून दारातून पळून गेलं. तिला लागलं ते तुमच्या चौकटीचं टोक.”

“मग गावात...”

“मी कुणाला बोलले नाही. तुम्ही मनापासून काम केलं होतंत. तुमचं नाव खराब करून माझ्या मुलीची जखम भरणार होती का?”

त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी शिडी लावून माळवदावर गेलो.

वर चौकटीचे चार पाय मातीत तसेच उभे होते. एकाला हात लावला तर पापडासारखा मोडला. मातीच्या वरचं लोखंड थोडंफार गंजलं होतं, मातीच्या आतल्याचा नुसता भुगा. एका पावसात! मला काही समजेना. हेच लोखंड मी परंड्यात किती दारांना, भिंतींना लावलं होतं, ते अजून धड होतं.

शेजारच्या माळवदावर गोदामावशी नवी माती चोपत होती. साठीची बाई, गावातल्या निम्म्या घरांवर तिच्या हातची माती. मी तो भुगा तळहातावर घेऊन उभा आहे हे बघून ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, “काय बगतुस लेकरा?”

“मावशी, हे लोखंड वर्षात कसं गेलं?”

“मातीत खोवलं व्हतंस व्हय?” ती हसायलाच लागली. “आरं, ही खारी माती हाय. हिच्यात गवताची काडी उगवत न्हाय, म्हनून तर आमी माळवदावर घालतो. जी गवताला जगू दीना ती लोखंडाला सोडंल व्हय? चाटून बग.”

मी खरंच चिमूटभर माती जिभेवर ठेवली. खारट लागली.

“मावशी, तुम्ही त्या वेळी सांगितलं का नाही?”

“तू इचारलंस कुटं? तू तर खाली न बगता आलास, ठोकलंस आन् गेलास.”

खरं होतं. उस्तादांनी सांगितलं होतं जनावर समजून घे. ते मी समजून घेतलं होतं. माती समजून घ्यायची मला गरज वाटली नव्हती. पांढरीची माती कशी असते हे या मुलखातलं शेंबडं पोरही सांगेल. मला ती रोज पायाखाली असून दिसली नाही, कारण माझं सगळं लक्ष पत्र्यावर आणि स्वतःच्या शहाणपणावर होतं.

उपाय लगेच डोक्यात आला. माती सवण्याभोवतीनं काढायची, तिथं भाजक्या विटांचा आणि चुन्याचा हातभर उंच कठडा बांधायचा आणि लोखंडाला मातीचा स्पर्शही होऊ द्यायचा नाही. पण आता उपाय असून चालणार नव्हतं. गाव परवानगी देणार नव्हतं.

संध्याकाळी पारावर मंडळी जमली. पाटील म्हणाले, “मिस्त्री, तुमचा काय दोस न्हाय. नाथाच्याच मनात न्हाय. नाथाम्होरं लोखंड काय टिकतंय? वरीस बी झालं न्हाय, जाळी फुटली. आता पुन्ना जाळी नगं. येत्या आइतवारी बाईंची गाडी ठरलीया.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्याकडं कुणी रागानंसुद्धा बघत नव्हतं. मी नुसतं ‘बरं’ म्हटलं असतं तर नाव शाबूत ठेवून परंड्याला परत गेलो असतो. वर लोक म्हणाले असते, मिस्त्रीचं काम पक्कं, पण देवापुढं कुणाचं चालतं? एवढी आयती पळवाट मला जन्मात कधी मिळाली नव्हती. खोटं कशाला सांगू, दोन घटका तरी मी तिच्याकडं बघत बसलो. पण बाईंनी माझं नाव राखलं होतं आणि त्यापायी त्यांची शाळा जात होती. ते काही घशाखाली उतरेना.

मी उठून उभा राहिलो. “पाटील, नाथ कोपलेला नाही. काम मी चुकीचं केलं. खाऱ्या मातीत लोखंड गाडलं, त्याला मातीनं खाल्लं. पोरीला माकडानं ओरबाडलं नाही, माझ्या चौकटीनं कापलं. बाईंनी हे तुम्हाला सांगितलं नाही, ते माझी लाज राखायला.”

मग कुणीतरी मागून म्हणालं, “म्हंजे नाथाच्या माकडावर फुकाचा आळ आला की!” त्या गावात माझ्या चुकीपेक्षा हा गुन्हा मोठा ठरला, आणि मला बोलणी खावी लागली ती त्याबद्दलच. मी मान खाली घालून ऐकून घेतली.

गोदामावशी पाराच्या कडेला उभी होती. ती पुढं झाली. “माती म्या घातली हाय त्या घरावर. त्यो खरं बोलतुया. पाटील, नाथानं गाभाऱ्याच्या दारालाबी लोखंडी कडी ठिवलीया का न्हाय? तिच्यावर कोपलाय का कंदी?”

पाटील मिशी चोळत म्हणाले, “आइतवारपातूर येळ हाय. त्येच्या आत करा. पन गाडी सांगितलेली हाय, बाईंना थांबा म्हनायची आमाला तोंड न्हाय. थांबायचं का जायचं, त्येंचं त्यांनी ठरवावं.”

बाईंना विचारलं तर त्या एवढंच म्हणाल्या, “तुम्ही करा. मी ट्रंक भरून ठेवते.”

ते आठ दिवस मी सोनारीतच राहिलो. गोदामावशीनं सवण्याभोवतीची माती काढून दिली, मी विटांचा कठडा चढवला. या वेळी चौकट जस्त दिलेल्या जाड पट्टीची केली आणि तारेऐवजी करंगळीएवढ्या सळ्या घातल्या. दोन सळ्यांत दोन बोटांचं अंतर ठेवलं, म्हणजे उजेड यावा पण माकडाच्या पिल्लाचं डोकं अडकू नये. कापलेल्या प्रत्येक टोकावर कथील चढवलं. चुन्यात बसणाऱ्या पायांना आधी डांबर फासलं, कारण ओला चुना जस्तालाही खातो. ही गोष्ट उस्तादांची, आणि या खेपेला मी एकही गोष्ट विसरलो नाही.

कठिणातलं कठीण काम होतं चुना घट्ट होईपर्यंत माकडांना लांब ठेवणं. हातात काठी घ्यायची सोय नव्हती. बाभळीच्या फांद्या भोवतीनं रचल्या आणि मी आणि मावशी आळीपाळीनं बसलो. एक थोराड नर रोज सकाळी समोरच्या भिंतीवर येऊन बसायचा आणि मुकादमासारखा माझ्या कामावर नजर ठेवायचा. शाळेकडून मात्र कसलाच आवाज येत नव्हता. बाई जाणार म्हटल्यावर पोरींनी यायचं सोडून दिलं होतं. ती शांतता मला माकडांपेक्षा जास्त छळत होती.

रविवारी सकाळी बैलगाडी दारात आली. ट्रंक दोरानं बांधून उंबऱ्यात ठेवली होती. निरोप द्यायला शाळेतल्या पोरी जमल्या होत्या, रिकाम्या हातांनी, दाराच्या कोपऱ्यात एकमेकींना चिकटून उभ्या. पाटील आणि चार माणसंही आली. मी बाभळीच्या फांद्या काढल्या आणि सगळ्यांच्या देखत जाळीवर दोन्ही पाय ठेवून उभा राहिलो. मग उड्या मारल्या. त्या वेळी माझं वजन चांगलं होतं. खाली मातीचा कणही पडला नाही.

मी बाजूला सरलो तोवर तो थोराड नर आला. जाळीवर बसला, दोन्ही हातांनी सळ्या धरून गदागदा हलवल्या. एक पाय आत घालायला बघितला, जमेना. चारी कोपरे तपासले. खिळा कुठंच नव्हता. शेवटी तिथंच ऐसपैस बसून त्यानं मांडी खाजवायला घेतली.

“नाथाला पसंत पडलं जनू,” पाटील म्हणाले.

थोड्या वेळानं तो नर आपल्या मर्जीनं उठून गेला. मी परत जाळीवर ओणवा होऊन खाली पाहिलं. बाई खोलीच्या मधोमध उभ्या होत्या, मान वर करून. मग उंबऱ्याकडं गेल्या, खाली बसल्या आणि ट्रंकेचा दोर सोडायला लागल्या. गाठ घट्ट बसली होती. मी वरून ओरडलो, “थांबा बाई, मी येऊन कापून देतो!”

“कापू नका,” त्या म्हणाल्या. “झोळीचाच दोर आहे हा.”

दातांनी गाठ सोडवून त्यांनी दोर तुळईवरून टाकला, झोळी बांधली, दोनदा हातानं ओढून पाहिली आणि आईच्या कडेवरून मुलीला घेऊन तीत ठेवलं. माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि मी तिथून हलायचं विसरलो होतो.

“मिस्त्री,” बाई म्हणाल्या, “जरा बाजूला व्हा. उजेड अडतोय तिचा.”

मी बाजूला झालो. दारातल्या पोरींमधली एक धीर करून पुढं आली आणि तिनं विचारलं, “बाई, मंग उद्याच्याला शाळा हाय?”

“उद्या कशाला?” बाई म्हणाल्या. “आठ दिवस बुडालेत. आजच भरायची.”

आणि पोरी पाट्या आणायला आपापल्या घरांकडं पळत सुटल्या.